अंगावरचं माप

एप्रिल सरता सरता, बाहेर पारा ४४ ला टेकलेला असताना, एक मुलगी तोंडाभोवती गुंडाळलेला स्कार्फ सोडवत माझ्यासमोर येऊन बसली. मागोमाग तिची आई. आईनं पिशवीतून तीन कागद काढले आणि टेबलावर ओळीनं मांडले.

"तीन ठिकाणी पैसे भरले जी मॅडम. तिन्हीकडे वेगळाच आकडा. आता तुम्हीच सांगा, खरा कोन्ता?"

पहिल्या कागदावर ४९७. दुसऱ्यावर ५०९. तिसऱ्यावर ५२१. डोळा तोच, उजवा. मुलगीही तीच. पहिल्या आणि तिसऱ्या कागदात जेमतेम दहा दिवसांचं अंतर. आईला तिसरा कागद आवडला होता हे सांगावं लागलं नाही, तिनं तो माझ्या बाजूला जरा जास्तच सरकवला होता. मुलीचा नंबर उणे सहा. डिसेंबरात लग्न. त्याआधी चष्मा काढायचा होता, आणि लेझरनं चष्मा काढायचा तर कॉर्निया पुरेसा जाड लागतो, एवढं दोघींना कुणीतरी सांगितलेलं होतं.

मी नागपुरात धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. एकोणीस वर्षं लोकांच्या डोळ्यांची मापं घेते. कॉर्निया म्हणजे बुबुळापुढची पारदर्शक काच. पुस्तकात पारपटल म्हणतात, पण दवाखान्यात ते कुणी म्हणत नाही. ही काच मधोमध अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी जाड असते, बहुतेकांची ५४० मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि कडेकडे जाड होत जाते. ती मोजण्याच्या कामाला पॅकीमेट्री म्हणतात, आमच्या तोंडी नुसतं 'पॅकी'. "बाईंची पॅकी झाली का?" असं आम्ही एकमेकींना ओरडून विचारतो, आणि बाहेर बसलेल्या नव्या पेशंटला वाटतं काहीतरी पॅकिंग चाललंय.

मी तिन्ही कागद उलटसुलट करून पाहिले. पहिल्यावर खाली बारीक अक्षरात मशीनचं नाव होतं, ओसीटी. दुसऱ्यावर हातानं लिहिलेलं, 'अल्ट्रासाउंड पॅकी'. तिसऱ्यावर काहीच नाही. नुसतं 'सीसीटी ५२१', म्हणजे कॉर्नियाची मधोमधची जाडी, आणि रबरी शिक्का.

मला बाबांची वही आठवली.

बाबांचं नागपूरच्या महाल भागात शिवणकामाचं दुकान होतं. पुरुषांचे शर्ट-पँट, लग्नसराईत सफारी. लांबट लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत गिऱ्हाइकांची मापं असायची. प्रत्येक नावापुढे छाती, पोट, शोल्डर, बाही, कॉलर, आणि ओळीच्या शेवटी एक छोटं अक्षर: 'अं' किंवा 'श'. 'अं' म्हणजे अंगावरून घेतलेलं माप. 'श' म्हणजे गिऱ्हाइकानं आणलेल्या जुन्या शर्टावरून घेतलेलं. माणूस एकच, पण अंगावर छाती ३८ भरली तर शर्टावर ४२ भरते, कारण शर्टात लूज धरलेली असते. अक्षर न बघता कारागिरानं 'अं'चं माप 'श' समजून कापलं, तर शर्ट अंगात जाणार नाही. उलट झालं तर गिऱ्हाईक झबल्यात उभं. बाबांचा कारागीर एकदा चुकला होता, दिवाळीच्या तोंडावर, आणि त्या चार दिवसांत बाबांच्या तोंडून जे निघालं ते मी इथे लिहीत नाही.

आता पेनाबद्दल सांगते, कारण माझा जीव पेनावर आहे. अल्ट्रासाउंड पॅकीमीटरचा प्रोब खरोखर पेनाएवढा असतो, टोकाशी जरा चपटा. पेशंटच्या डोळ्यात सुन्न करायचा थेंब टाकायचा. "थोडं झोंबेल, मग काहीच कळणार नाही." अर्ध्या-एक मिनिटानं समोरच्या भिंतीवरच्या खुणेकडे बघायला सांगायचं. मग पेनाचं टोक बुबुळाच्या बरोबर मध्यावर, बरोबर उभं टेकवायचं. टेकवायचं, दाबायचं नाही. मशीन टीक टीक करतं आणि आकडा येतो. आत जे घडतं ते ऐकायला फार साधं आहे. आवाजाची लहर कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागावरून परतते, मागच्या पृष्ठभागावरूनही परतते, आणि या दोन पडसादांमधला वेळ मशीन मोजतं. कॉर्नियात आवाजाचा वेग सेकंदाला १६४० मीटर धरलेला असतो. म्हणजे ५४० मायक्रॉनमधून जाऊन परत यायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचाही दोन तृतीयांश. हे ते डबडं टीक म्हणायच्या आत करतं.

पण वेग 'धरलेला' असतो, आणि मध्य मी धरलेला असतो. कॉर्निया सुजला, त्यात पाणी भरलं, की त्यातला वेग धरल्याइतका राहीलच असं नाही. आणि माझा हात मध्यापासून जरा सरकला तर टोक जाड भागावर पडतं, आकडा वाढतो. म्हणून पाच-सहा वेळा घ्यायचं. ५३८, ५४१, ५३९, ५५६, ५३८ असं आलं तर ते ५५६ माझ्या हाताचं असतं, पेशंटच्या डोळ्याचं नाही. नवी मुलगी शिकायला आली की मी तिला पहिले आठ दिवस सरासरी बघूच देत नाही. आधी सगळे आकडे बघ, त्यातला तुझा कोणता ते ओळख.

दुसरी रीत डोळ्याला न शिवता बघायची. तिच्यात आमच्याकडे दोन यंत्रं आहेत. एक फिरता कॅमेरा, पेंटाकॅम. हनुवटी ठेवायची, कपाळ टेकवायचं, निळ्या प्रकाशाची चीर दोन सेकंदांत डोळ्यापुढे फिरते आणि कॉर्नियाचे तिरपे काप टिपते. या कॅमेऱ्यामागची युक्ती डोळ्यांच्या डॉक्टरची नाहीच. ऑस्ट्रियन सैन्यात थिओडोर शाइमफ्लुग नावाचा कॅप्टन होता. बलूनमधून काढलेले जमिनीचे फोटो वाकडे येत, ते सरळ कसे करायचे याच्या मागे तो लागला होता. भिंग आणि फिल्म एकमेकांना तिरपी ठेवली तर तिरपी वस्तूही एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत स्पष्ट येते, हे त्यानं १९०४ च्या पेटंटात मांडलं. शेतं-नद्या मोजायला निघालेली गोष्ट शंभर वर्षांनी अर्ध्या मिलिमीटरच्या काचेवर येऊन थांबली. पेंटाकॅमला मध्य शोधायला माझा हात लागत नाही, आणि तो नुसता मध्य सांगत नाही, सगळ्यात पातळ जागा कुठे आहे तेही दाखवतो. ती बहुतेकांची मध्यापासून किंचित खाली-बाजूला असते. त्याचा नकाशा बघताना मला दर वेळी उन्हाळ्यातलं तापमानाचं चित्र आठवतं, विदर्भ लाल असलेलं.

दुसरं ओसीटी. ते आवाजाऐवजी प्रकाशाचे पडसाद मोजतं. प्रकाश इतका वेगवान की त्याचा पडसाद घड्याळानं पकडताच येत नाही, म्हणून परतलेला किरण सोबतच्या दुसऱ्या किरणात मिसळून त्यांच्या लाटा जुळतात कुठे ते बघतात. १९९१ साली हे पहिल्यांदा जगापुढे आलं, सुरुवातीला डोळ्याच्या मागच्या पडद्यासाठी. त्यावर कॉर्निया असा दिसतो की बघतच राहावं. वरची ५० मायक्रॉनची साय वेगळी, खालचा जाड गाभा वेगळा.

तर तीन यंत्रं, आणि तिघांचा एक डोळा. कॅमेरा नवा आला तेव्हा दुपारच्या रिकाम्या वेळात आम्ही स्टाफनंच एकमेकींचे डोळे मोजले होते. माझा उजवा: पेनावर ५३८, कॅमेऱ्यावर ५४४, ओसीटीवर ५२७. मी चिडून पुन्हा बसले. ५३९, ५४३, ५२६. म्हणजे प्रत्येक यंत्र आपल्या बोलण्याला पक्कं, फक्त एकमेकांशी जुळत नाही. ओसीटी पेनापेक्षा थोडं पातळ सांगतं हे पुढे वाचनातही वारंवार आलं. उलट जुन्या काळी ऑर्बस्कॅन नावाचं चिरेच्या प्रकाशाचं यंत्र इतकं जाड सांगायचं, की त्याचा आकडा ०.९२ नं गुणायची सोय त्यातच करून ठेवलेली होती. मला ती सोय भारी आवडते. यंत्रानं मान्यच करून टाकलं, मी जास्त बोलतो, आठ टक्के कापून घ्या.

फरक का, याचं उत्तर एकात एक अडकलेलं आहे. प्रकाशाची यंत्रं अश्रूंच्या थरापासून मोजायला लागतात, पेनाचं टोक तो थर बाजूला सारून बसतं. मागचा पडसाद नेमका कोणत्या पापुद्र्यावरून येतो, तिथे आवाजाचं आणि प्रकाशाचं एकमत नाही. थेंबामुळे वरची साय थोडा वेळ बदलते. म्हणून एकाच बैठकीत दोन्ही करायचं असेल तर आधी न शिवता, मग पेन. हा क्रम आमच्याकडे मोडला तर मी भांडते.

या फरकाच्या आकाराबद्दल एक गोष्ट मला कायम छेडते. २०१३ साली हरमिंदर दुआ यांनी कॉर्नियाच्या मागच्या बाजूला एक नवा थर दाखवला, जेमतेम दहा मायक्रॉनच्या आसपासचा. तो खरंच वेगळा थर की गाभ्याचाच मागचा भाग, यावर जाणकारांत वाद आहे. पण दुआ शिकलेले नागपुरात, आता इंग्लंडात, त्यामुळे आमच्या गावात त्या वादाचा निकाल केव्हाच लागलेला आहे. सांगायचं ते वेगळंच. ज्या थरावर जगभर चर्चा झाली तो अख्खा थर माझ्या पेनाच्या आणि ओसीटीच्या भांडणात मावतो.

"पण दोन्ही सारखंच चालतात ना?" असं यंत्रांच्या कंपनीचा माणूस विचारतो. तो आलेख दाखवतो, ठिपके एका रेषेवर छान ओळीत. जाड कॉर्निया दोन्हीवर जाड, पातळ दोन्हीवर पातळ. मी त्याला बाबांची वही सांगते. अंगावरचं माप आणि शर्टावरचं माप हजार गिऱ्हाइकांचं मांडलं तर तेही असंच ओळीत येईल. म्हणून एकाच्या जागी दुसरं धरून कापड कापणार का? नातं घट्ट असणं वेगळं, एकमत असणं वेगळं. १९८६ साली ब्लंड आणि ऑल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं. दोन रीतींची तुलना करायची तर नुसता संबंध काढू नका. प्रत्येक माणसामागे दोघींतला फरक काढा आणि तो किती खाली-वर जातो ते बघा. सरासरी फरक दहाचा असेल तर चालून जाईल, वजा करता येतो. पण एखाद्याचा उणे पाच आणि एखाद्याचा पंचवीस निघाला, तर मग काय वजा करणार? मला कळलेलं संख्याशास्त्र एवढंच, पण ते मला बाबांनी आधीच शिकवलेलं होतं. लूज प्रत्येक शर्टात सारखी नसते.

हे सगळं मी जन्मतः शहाणी असल्यासारखं सांगतेय, तर माझी चूकही सांगते. आधीच्या एका नोकरीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका यायचे. मोतीबिंदू होता, आणि कॉर्नियाच्या आतल्या पेशीही कमी होत्या. अशा डोळ्यात आतलं पाणी बाहेर काढणारी व्यवस्था थकते आणि कॉर्निया हळूहळू सुजतो. त्यांचा आधीचा आकडा दुसरीकडच्या ओसीटीचा, ५६४. माझा पेनावरचा ५८८. मी फाइलमध्ये दोन्ही एकाखाली एक लिहिले, आणि पुढे बाण काढला. वरच्या दिशेचा. काकांनी तो बाण वाचला. घरी काकूंना काही न सांगता त्यांनी मुलाला पुण्याहून बोलावून घेतलं, कॉर्निया बदलावा लागणार म्हणून. मुलगा रात्रभर बस करून आला. वरिष्ठ डॉक्टरांनी फाइल बघितली, मला विचारलं, "आधीचं कशावर, हे कशावर? आणि किती वाजता?"

वाजल्याचं तर मी धरलंच नव्हतं. रात्री पापण्या मिटलेल्या असतात, कॉर्नियाला हवेतून मिळणारा ऑक्सिजन कमी पडतो आणि निरोगी डोळ्याचाही कॉर्निया झोपेत तीन-चार टक्के सुजतो. उठल्यावर तास-दोन तासांत उतरतो. थकलेल्या पेशींच्या डोळ्यात उतरायला आणखी वेळ लागतो. काकांना सकाळी पहिला नंबर हवा असायचा, ते साडेआठला उठूनसुठून थेट यायचे. तेव्हापासून मी वेळही लिहिते. आमच्याकडे काटोल, उमरेड, बालाघाट, छिंदवाड्याचे पेशंट असतात. चारला उठलेला माणूस अकराला माझ्यापुढे बसतो, तर वाटतं चला, याची सूज उतरली असेल. मग तो म्हणतो, "गाडीत झोप लागली होती जी, आत्ताच उठून राहिलो." घ्या.

त्या मुलीकडे परत येते. उणे सहा नंबर काढायला लेझर किती खरवडणार याचा ढोबळ हिशेब असतो: सहा मिलिमीटरचा गोल धरला तर एका नंबराला १२ मायक्रॉन, म्हणजे ७२. लेझर मारण्याआधी वरचा जो पापुद्रा उचलतात तो ११० च्या आसपास. खाली किमान २५० तरी शाबूत राहायला हवेत. ४९७ धरा नाहीतर ५२१, तिच्या बाबतीत बेरीज-वजाबाकी बसत होती. पण हे दोन आकडे २४ मायक्रॉन लांब होते, म्हणजे दोन नंबर, आणि आईचं बोट ज्या आकड्यावर होतं त्याचा धनी कोण हेच कागदावर नव्हतं. मी तिला एकच प्रश्न विचारला.

"लेन्स लावतेस का गं?"

"हो. रोजच. लग्न ठरल्यापासून चष्मा नाही घालत."

"शेवटची कधी काढली?"

"आत्ता बाहेर बसल्या बसल्या."

लेन्सखाली कॉर्निया दडपतो, सुजतो, आकारही किंचित बदलतो. तिन्ही ठिकाणी तिनं आयत्या वेळी लेन्स काढून माप दिलं होतं आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी तिन्ही कागद एकावर एक ठेवून आईला परत दिले. दोन आठवडे लेन्स बंद, मग या, दुपारी या, तेव्हा आपण एकाच यंत्रावर बघू आणि नकाशाही काढू. आईच्या चेहऱ्यावर चौथ्यांदा पैसे भरायचा हिशेब स्पष्ट दिसला. मुलगी मात्र म्हणाली, "दोन आठवडे चष्मा? फोटोशूट आहे बाप्पा!" सर्जनशी बोलणं पुढे झालं, ते त्यांचं आहे. मी इथे सोडते.

बाबांचं सांगायचं राहिलं, आणि ते सांगायला मला जरा जड जातं.

बाबांना साठीनंतर दर वर्षी मी डोळे तपासायला बसवत होते. डोळ्यातलं प्रेशर १६, १७, कधी १८. सगळं हद्दीत. प्रेशर आम्ही गोल्डमनच्या यंत्रावर घेतो. निळ्या उजेडात डोळ्याला ३ मिलिमीटरपेक्षा किंचित रुंद टोक टेकवायचं आणि चक्री फिरवत दोन हिरव्या अर्धवर्तुळांच्या आतल्या कडा एकमेकींना लावायच्या. ती अर्धवर्तुळं नाडीबरोबर हलत असतात, बाबांची हलायची तेव्हा मला त्यांचं हृदय दिसल्यासारखं वाटायचं. गोल्डमननं १९५० च्या दशकात हे यंत्र बसवलं ते कॉर्निया साधारण अर्ध्या मिलिमीटरचा धरून, आणि जाडी फार वेगळी असेल तर आकडा चुकू शकतो हे त्याला माहीत होतं. कॉटन मार्केटात संत्रं अंगठ्यानं दाबून बघता ना, तसंच. जाड सालीचं घट्ट लागतं, पातळ सालीचं मऊ. आतल्या फोडीचा काही दोष नसतो.

पातळ कॉर्नियाच्या डोळ्यात प्रेशर असतं त्यापेक्षा कमी दिसतं. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ओएचटीएस. प्रेशर जास्त पण काचबिंदू, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू खराब करणारा आजार, अजून झालेला नाही अशा लोकांवर तो होता. त्यांत ज्यांची जाडी ५५५ किंवा कमी, त्यांना काचबिंदू होण्याचा धोका ५८८ च्या वरच्यांपेक्षा तिप्पट निघाला. त्यानंतर पॅकी हा लेझरवाल्यांचा चोचला राहिला नाही. आणि ते ५५५ सुद्धा पेनावरचे आहेत. कुणी ओसीटीचा आकडा घेऊन त्या रेषेच्या कोणत्या बाजूला आपण, असं बघू लागला की माझा हात आपोआप बाबांच्या वहीकडे जातो. जाडीवरून प्रेशर दुरुस्त करायचे तक्तेही मिळतात, इतके मायक्रॉन कमी तर इतकं वाढवा. एकेका पेशंटसाठी त्यांच्यावर माझा विश्वास नाही, आणि मला माहीत असलेल्या चांगल्या काचबिंदूवाल्यांचाही नाही. पातळ, मध्यम, जाड, एवढं कळलं तरी पुरे.

तर एकोणीस वर्षं मी शहरभराच्या पॅकी केल्या आणि बाबांची केली नाही. प्रेशर ठीक होतं ना. गेल्या पावसाळ्यात आमच्या डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्याची नस बघताना भुवई उंचावली आणि म्हणाले, यांची जाडी किती? माझ्याकडे उत्तर नव्हतं. फाइलमध्ये तो रकाना रिकामा होता, माझ्याच अक्षरातल्या पाच वर्षांच्या नोंदींमध्ये.

त्या दिवशी पेन मीच धरलं. बाबा खुर्चीत ताठ बसले, ते कुणाचं माप घेताना गिऱ्हाइकाला बसू देत नसत, उभं करत, "खांदे सैल सोडा" म्हणत. मी म्हटलं, "बाबा, खांदे सैल सोडा." टीक टीक झालं. ४८१, ४८३, ४८०, ४८१, ४८१. उजवा. डावा ४८६. मी पुन्हा घेतलं. तेच.

मग नसेची आणि नजरेच्या परिघाची तपासणी झाली. उजव्या डोळ्यात वरच्या बाजूला थोडी नजर गेलेली निघाली, बाबांना न कळता. रात्रीचा एक थेंब सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आहे. मी मान हलवली.

घरी आल्यावर बाबांनी कागद मागितला. चष्मा नाकावर घेऊन बराच वेळ वाचला. त्यांना त्यातलं फारसं कळत नाही असं मला वाटत होतं.

"हे ४८१ कशावर घेतलं?"

"पेनावर."

"पेन लागून राहिलं होतं ना डोळ्याला?"

"हो."

त्यांनी खिशातून ती बुटकी पेन्सिल काढली, कापडावर खुणा करायची, अजून खिशातच असते. ४८१ च्या पुढे जरा जागा सोडून त्यांनी लिहिलं, 'अं'.